‘लहानपणीचं ते पुडिंग’ विकायचंय? आधी ते नक्की काय होतं ते शोधा



घरगुती केक, डेझर्ट, खाऊचे डबे असा व्यवसाय सुरू करणाऱ्यांची लेबलं माझ्याकडे तपासायला येतात. बघता बघता लक्षात येतं, की प्रत्येकावर ‘आजीच्या हातची चव’ नाहीतर ‘बालपणीची आठवण’ असं काहीतरी छापलेलं असतं. आत काय आहे, ते कसं बनवलंय, वजन किती, हे नंतर. आधी आजी.

मला हे पटत नाही. आठवणीवर धंदा करू नका असं मी म्हणत नाहीये हं. उलट जरूर करा. लहान उद्योजकाकडे जाहिरातीला पैसा नसतो, आणि गिऱ्हाईकाच्या डोक्यात आधीपासून बसलेली चव ही फुकटात मिळालेली जाहिरातच आहे. पण आठवण म्हणजे रेसिपी नव्हे. ती गिऱ्हाईकाने दिलेली अर्धवट ऑर्डर असते. ‘ते पिवळं पिवळं, खाली केक असायचा ते’ एवढ्यावर तुम्ही दुकान मांडणार असाल, तर उरलेलं अर्धं शोधायचं काम तुमचं. ते काम टाळायचं आणि लेबलवर आजीचा फोटो लावायचा, याला मी आळस म्हणतो.

आज उदाहरण घेऊ पाउंड केकच्या पुडिंगचं. चाळिशी-पन्नाशीतल्या पुष्कळ लोकांना हे आठवतं. वाढदिवसाला, नाताळच्या सुट्टीत, नाहीतर साहेब जेवायला येणार असले की व्हायचं. काचेचा खोल बाऊल, तळाशी केकचे तुकडे, त्यावर कस्टर्ड, त्यावर जेली. कोणी त्याला ट्रायफल म्हणायचं, कोणी नुसतं पुडिंग. आता हे बेकऱ्यांत क्वचितच दिसतं, आणि धंद्याच्या दृष्टीने मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या आठवणीचं दुकान अजून चालू आहे, तिथे नवख्याने शिरू नये. पुण्यात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी उघडी असताना तुम्ही ‘जुन्या चवीची श्रूजबेरी बिस्किटं’ काढलीत, तर लोक तुमचा पुडा आणि त्यांचा पुडा शेजारी ठेवून खाणार. त्या सामन्यात तुम्ही कशाला उतरता? जी चव आठवते पण विकत मिळत नाही, तिच्यामागे लागा.

माझ्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. नाव सांगत नाही. बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलेलं, आता नाशिकला असतात. शेजारी एक अँग्लो-इंडियन आंटी राहायच्या, त्यांच्याकडून ताईंच्या आई हे पुडिंग शिकल्या. भुसावळ, इगतपुरी या रेल्वेच्या गावांत असं बऱ्याच घरांत झालं असणार. साहेबी पदार्थ भिंतीपलीकडून आपल्या स्वयंपाकघरात आले आणि आपल्या हाताने बदलले. आई आता नाहीत. वही नाही, माप नाही. ताईंच्या यजमानांची नोकरी गेलेली, त्यामुळे हा काही फावल्या वेळचा छंद नव्हता. भिशीचे साठ हजार त्याच महिन्यात हातात येणार होते, आणि त्यातून त्या काचेच्या दरवाजाचा डिस्प्ले फ्रीज घेणार होत्या. दुकानदाराला शब्दही देऊन झाला होता.

मी विचारलं, पुडिंग जमलं का?

म्हणाल्या, “सर, अकरा वेळा केलं. छान होतं, सगळे खातात. पण ते नाहीये.”

बघा, इथेच बहुतेक जण फसतात. ‘छान होतं’ म्हणजे चालेल, असं समजून फ्रीज घेऊन टाकतात. छान पुडिंग कोपऱ्यावरचा कोणीही विकतो. ताईंकडे वेगळं असं काही होतं ते म्हणजे ‘ते’, आणि ‘ते’च अजून सापडलेलं नव्हतं. फ्रीज कॅन्सल करा असं मी सांगितलं नाही, फक्त पंधरा दिवस थांबा म्हटलं.

त्या काय करत होत्या? उत्तमातलं उत्तम वापरत होत्या. हलका मऊ स्पंज केक, ताजा अननस, महागडं व्हॅनिला, फुल फॅट दूध. आणि होत होतं काय, तर केकचा लगदा व्हायचा, अननसाच्या आजूबाजूची जेली पातळ राहायची आणि सगळंच फार दुधाळ लागायचं. त्यांना आठवत होतं ते असं : केक ओला होता पण त्याचा तुकडा तुकडाच राहायचा, आणि तळाशी काहीतरी आंबटगोड होतं.

आता गंमत अशी आहे, की ‘चव कशी होती’ असं कोणालाही विचारलं तर उपयोगाचं उत्तर येत नाही. ‘मस्त होती’ असंच येतं. चवीच्या आजूबाजूच्या गोष्टी विचाराव्या लागतात. केक घरी व्हायचा की आणायचे? कुठल्या कागदात गुंडाळलेला असायचा? घरी फ्रीज होता का? आदल्या दिवशी काय तयारी चालायची? मी त्यांना विचारलं, त्या दिवशी घरात रिकामं काय उरायचं? ताई जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “डबा! पत्र्याचा डबा. बाबा तो कापायचे. मग आम्ही त्यात गोट्या ठेवायचो.”

म्हणजे अननस टिनमधला होता.

आता या एका डब्याने किती गोष्टी सुटतात बघा. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रोटीन तोडतं. जिलेटिनची जेली म्हणजे प्रोटीनच, म्हणून ताज्या अननसाभोवती ती सेट होत नाही. दुधाबरोबर ताजा अननस ठेवला तर कडवटपणा येतो, तोही याच कारणाने. टिनमधला अननस उष्णता देऊन बंद केलेला असतो, त्यात हे एन्झाइम मेलेलं असतं. (चायना ग्रास वापरलात तर ताज्या अननसानेही सेट होते, कारण ते समुद्री शेवाळातून काढतात, त्यात प्रोटीनचा प्रश्न नाही. पण त्याची जेली कटकन तुटते, जिलेटिनसारखी थरथरत नाही. शाकाहारी जेलीची पाकिटंही मिळतात, ती करून बघा.)

आणि टिनमध्ये फळाबरोबर काय असतं? पाक. विलायतेत ट्रायफलच्या तळाचा केक शेरी नावाच्या वाइनने भिजवतात. भुसावळच्या मराठी घरात शेरी कोण आणणार? डब्यातला पाक हाताशी होता, फेकवत नव्हता, तोच केकवर ओतला गेला असणार. ताईंचं ‘तळाशी काहीतरी आंबटगोड’ ते हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी करून पाहिलं आणि रात्री साडेदहाला मला फोन केला. फोनवर रडत होत्या. मी पुढचं काही विचारलं नाही.

केकचं मात्र अजून बाकी होतं. पाकात भिजूनही तुकडा राहायचा, म्हणजे तो स्पंज नव्हता. स्पंजमध्ये हवा जास्त, तो पाण्यात टाकलेल्या पावासारखा बसतो. पाउंड केक घट्ट असतो. नाव ‘पाउंड’ कशावरून? मैदा, साखर, लोणी, अंडी, प्रत्येकी एक पाउंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. हॅना ग्लास या इंग्रज बाईच्या १७४७ च्या पाकपुस्तकात हा केक आहे, आणि अमेलिया सिमन्सच्या १७९६ च्या अमेरिकन पुस्तकातही आहे. फ्रेंच लोक याच प्रकाराला ‘चार पाव हिस्से’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. वाचता न येणाऱ्या माणसालाही पाठ होईल असं हे माप आहे : चारही वस्तू सारख्या. आपल्या घरच्या ओव्हनला अडीचशे ग्रॅम पुरे. सालं काढल्यावर आपलं साधारण अंडं पन्नास ग्रॅम भरतं, म्हणजे पाच अंडी. जुन्या पद्धतीत बेकिंग पावडर नसायची, लोणी-साखर फेसून फेसून जी हवा भरली जायची तेवढीच. म्हणून घट्ट. आणि हा केक एक दिवस शिळा असला की पाक जास्त चांगला धरतो. ताज्या केकच्या हट्टापायी कितीतरी जण हे पुडिंग बिघडवतात.

कस्टर्डबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सरळ आपल्या विषयाची आहे. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा केमिस्ट होता. खरं कस्टर्ड अंड्यांनी घट्ट करतात, आणि त्याच्या बायकोला अंडी चालत नव्हती. म्हणून १८३७ साली त्याने कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं. घरच्यापुरतं, एका माणसासाठी. पुढे ते पाहुण्यांना आवडलं आणि त्याचा कारखाना झाला. आपल्याकडे पुण्याच्या वीकफिल्ड कंपनीची पावडर घराघरांत पोहोचली, ती याच जातीची. तुमच्या-माझ्या लहानपणीचं ‘खरं’ कस्टर्ड हे मुळात एका कस्टर्डची नक्कल होतं! तेव्हा मला कोणी म्हणालं, की सर, आम्ही ऑथेंटिक करणार, अंड्याच्या पिवळ्याचं कस्टर्ड करणार, तर मी म्हणतो, जरूर करा, चवीला ते वरचढच असेल. पण मग ते भुसावळचं पुडिंग राहणार नाही. गिऱ्हाईकाच्या आठवणीत पावडर आहे. तो पिवळा रंगसुद्धा पावडरीचाच आहे.

इथे एक अवघड वळण येतं, आणि याबाबत माझं मत ठाम आहे. जुन्या बेकरीतल्या केकमध्ये लोणी असेलच असं नाही. १९३७ साली डालडा बाजारात आलं आणि पुढची कितीतरी वर्षं वनस्पती तूप हे बेकरीचं स्वस्त आणि हुकमी साधन होतं. त्यामुळे भारी लोण्याचा केक खाऊन एखादा म्हणतो ‘छान आहे, पण तसा नाही’, तेव्हा तो बरोबर असू शकतो. मग आपण वनस्पती घालायचं का? आजचं वनस्पतीही तेव्हाचं नाही, कारण २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. माझं उत्तर : लोणीच घाला. व्हॅनिला मात्र महागडं नको, तो साधा बाटलीतला इसेन्स घाला, कारण आठवणीतला वास त्याचाच आहे. आठवणीसाठी गिऱ्हाईकाच्या तब्येतीशी खेळायचं नाही, आणि ‘महाग म्हणजे चांगलं’ या समजुतीपायी आठवणही मारायची नाही. रेषा कुठे ओढायची ते प्रत्येक घटकापाशी वेगळं ठरवावं लागतं. मीच तुम्हाला एक नियम सांगून मोकळा होऊ शकत नाही.

मग ताईंनी वही केली. एका वेळी एकच बदल, सगळं ग्रॅममध्ये. वाटी-चमचा बंद. आणि चाखायचं ते फ्रीजमधून काढून, थंड असताना. गरम कस्टर्ड चाखून साखर ठरवू नका, थंड झालं की गोडी कमी लागते. त्यांच्या कस्टर्डला लिटरमागे शंभर ग्रॅम साखर शेवटी बरोबर बसली.

चाखण्याची पद्धतही सांगतो, कारण ‘कसं झालंय गं?’ याला घरचे लोक खरं उत्तर देत नाहीत. तीन वाट्या ठेवा. दोनमध्ये एकच पुडिंग, तिसऱ्यात बदल केलेलं. ‘यातलं वेगळं कुठलं?’ एवढंच विचारा. याला ट्रायँगल टेस्ट म्हणतात, मोठ्या खाद्य कंपन्याही वापरतात. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक जण बरोबर सांगणारच, त्यामुळे आठ-दहा जणांना विचारा. बहुतेकांना फरक ओळखताच आला नाही, तर तो महाग घटक तुम्ही कोणासाठी घालताय?

ताईंनी शेवटी भावाला बोलावलं. दुसरा साक्षीदार तोच. त्याने एक घास घेतला आणि म्हणाला, सगळं तसंच आहे, पण जेली हिरवी होती. ताईंच्या आठवणीत ती लाल. दोघांचं तासभर भांडण!

मला विचारलं, कोण बरोबर? मी म्हटलं, इथे शोध थांबवा. दोघंही बरोबर असतील, आईंनी कधी हे पाकीट आणलं असेल, कधी ते. आणि मुख्य म्हणजे तुम्ही भावाला विकणार नाही आहात. तुमचं गिऱ्हाईक भुसावळच्या त्या क्वार्टरमध्ये कधी जेवलेलं नाही. त्याच्या मनात त्याचं पुडिंग आहे, त्यात केळं असेल, चेरी असेल. पारदर्शक कपात पिवळ्यावर लाल उठून दिसतं, म्हणून लाल.

आता पैशाचं बोलू, कारण रडण्यावर बिलं भरली जात नाहीत. पुढचे भाव अंदाजाने धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. दोनशे ग्रॅमचा कप : केक साठ ग्रॅम, पाक वीस, कस्टर्ड सत्तर, जेली तीस, अननस वीस. अडीचशे-अडीचशेच्या मापाने एक किलो मिश्रण होतं, भाजल्यावर साधारण नऊशे ग्रॅम केक मिळतो. लोणी धरून त्याला दोनशे पाच रुपये लागले तर साठ ग्रॅमचे चौदा रुपये. कस्टर्डचे साडेपाच, जेलीचे अडीच, टिनमधला अननस आणि पाक मिळून साडेआठ. झाले साडेतीस. कप, झाकण, चमचा, लेबल नऊ रुपये. वीज-गॅस चार. वाया जाणाऱ्या मालाचे तीन. साडेसेहेचाळीस. अजून एक गोष्ट राहिली, आणि ती बायका हमखास विसरतात : तुमचे तास. वीस कपांना तीन तास, तासाला ऐंशी रुपये धरले तर कपामागे बारा. म्हणजे साडेअठ्ठावन्न.

ताई ऐंशीला विकणार होत्या. ‘शेजारी महाग म्हणतील.’ मी म्हटलं, एकशेवीस. एखाद्या ॲपने त्यातले पंचवीस टक्के घेतले तर तीस गेले, नव्वद उरले, म्हणजे साडेएकतीस तुमचे. ऐंशीला ॲपवर विकलंत तर साठ हातात येतील, आणि दीड रुपयासाठी तुम्ही दिवसभर उभ्या राहाल. जिला एकशेवीस महाग वाटतात तिला घरी बोलावून वाटीभर द्या, प्रेमाने द्या. पण किंमत पाडू नका.

डिस्प्ले फ्रीजचा ॲडव्हान्स अजून दिला नव्हता, तो राहिलाच. आठवड्यातून एक दिवस, शनिवार, वीस कप, घरचा फ्रीज, आगाऊ ऑर्डर. हा माल दुधाचा आहे, कोकमाचं सरबत नव्हे. कस्टर्ड लवकर थंड करायचं, लगेच फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांच्या पुढे मी तरी कोणाला देऊ देणार नाही. एफएसएसएआयची नोंदणी आधी, पहिला कप नंतर. लेबलवर घटक, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ते, नोंदणी क्रमांक. अंडं आहे म्हणजे चौकटीतलं तपकिरी त्रिकोणाचं चिन्ह लागणार, ते लपवायचं नाही. आणि जिलेटिन वापरलंत तरी तेच चिन्ह, हे विसरू नका.

एगलेसबद्दल मला नेहमी विचारतात. बरेच ट्रेनर सांगतात, एगलेस काढा, मार्केट दुप्पट होईल. माझं मत वेगळं आहे. पाउंड केकमध्ये वजनाने पाव भाग अंडं आहे. तो काढून दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घातलं की केक होतो, चांगलाही होतो, पण पाक धरण्याचं त्याचं वागणं बदलतं. त्याची वही वेगळी, चाचण्या वेगळ्या. पहिला माल बसल्याशिवाय दुसरा सुरू केलात तर दोन्ही अर्धवट राहतील. सहा महिन्यांनी करा.

राहिला तो आजीचा फोटो. ताईंच्या लेबलवर काय लिहायचं यावर आमचा बराच खल झाला. ‘आईच्या हातची चव’ त्यांना हवं होतं, आणि त्यांचा हक्कही होता. शेवटी त्यांनी लिहिलं : ‘भुसावळ पुडिंग. पाउंड केक, अननसाचा पाक, कस्टर्ड, जेली.’ बस. लोक विचारतात भुसावळ का, आणि मग त्या डब्याची गोष्ट सांगतात. गोट्यांसकट.

पहिल्या शनिवारी वीसपैकी चौदा गेले, तिसऱ्या शनिवारी वीसच्या वीस. मागच्या महिन्यात एका पन्नासाव्या वाढदिवसासाठी साठ कपांची ऑर्डर आली. ताईंनी चाळीस घेतली. घरच्या फ्रीजमध्ये भाजीचा ट्रे काढून तेवढेच बसतात.